शून्य तक्रारींची वस्ती

नामांतराच्या वादाने मराठवाडा धुमसत होता, त्या वर्षांत मी परभणीला हापशांच्या तक्रारी घेणाऱ्या टेबलावर कारकून होतो. कुणी पत्र लिही, कुणी बाजाराला आला की तोंडी सांगे, कुणी तर आमच्या मेकॅनिकची गाडी रस्त्यातच अडवी. तो उतरून हापसा चालू करी आणि पुढे जाई. त्याची कागदावर नोंद नसे. एका गावाला गाडी दोनदा जाई, दुसऱ्याला जातच नसे. मला हा गोंधळ सहन होत नसे. मी नवी पद्धत सुचवली. प्रत्येक हापशावर क्रमांक रंगवायचा, तो क्रमांक घालून लोकांनी पोस्टकार्ड टाकायचं आणि कार्ड आलं तरच गाडी पाठवायची.

साहेब म्हणाले, "चांगलं आहे. पण चालू काम आहे, एकदम सगळीकडे नको. आधी थोड्या ठिकाणी करून बघा."

मी वर्षाच्या तक्रारी मांडल्या आणि सर्वांत कमी तक्रारींची ठिकाणं निवडली. पूर्णेच्या बाजूच्या एका गावाबाहेरची बौद्ध वस्ती त्यांत आली. तिच्या हापशापुढे शून्य होतं. शून्य म्हणजे हापसा ठणठणीत, असं मी धरलं. मेकॅनिकला बजावलं, "या ठिकाणी तोंडी कुणाचं ऐकायचं नाही. नाहीतर करून बघण्याला अर्थ नाही."

उन्हाळा सरत आला तरी तिथून एकही कार्ड आलं नाही. पद्धत जमली, असं मी साहेबांना सांगितलं. त्यांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली. त्या संध्याकाळी मी घरी जिलबी नेली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत एक पन्नाशीची बाई टेबलापुढे येऊन उभी राहिली. वस्तीचं नाव सांगून म्हणाली, "आमचा हापसा कवा दुरुस्त करायलाव?"

"कार्ड टाकलं का?"

"कुठं टाकावं? डबा गावात हाय. नामांतराचं निघाल्यापासून गावात पाऊल ठिवू देईनात. दुकान बंद, हीर बंद, अन् तुमचा डबा तेवढा आमाला उघडा व्हय?"

"मग आधीच इथं यायचं, मावशी," शेजारचा कारकून म्हणाला.

"आले की आज, मजुरी बुडवून. आदी तुमचा मेस्त्री हाक मारली की थांबायचा. आता हात जोडले तरी गाडी थांबवीना. म्हनला, हापिसातल्या भाऊसाहेबांनी मना केलंय. म्हनलं, कोण भाऊसाहेब हायत, बघून तरी यावं."

शेजारचा हसणार होता, पण माझ्याकडे बघून थांबला.

"पाणी कुठून आणता?" मी विचारलं.

"वढ्यात झिरा खांदलाय. वाटीवाटीनं भरतो. लय गढूळ हाय. लेकरं हगवणीनं पडलेत."

"मावशी, मना करणारा मीच."

तिने मला वरून खाली न्याहाळलं. "मग आमच्याच हापशावर का करून बघितलं?"

"तुमच्याकडून तक्रारी येत नव्हत्या."

"येत व्हत्या की. तुमी लिहून घेतल्या न्हाईत."

मी उठलो. मेकॅनिक अंगणातच पाइप चढवत होता, त्याला लगेच निघायला सांगितलं. मीही गाडीकडे निघालो तशी ती म्हणाली, "तुमी कशाला? मेस्त्री पुरे." आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली.

गाडी फाटकाबाहेर गेल्यावर मी साहेबांच्या खोलीत गेलो. पद्धत जमली नाही, नवी नीट बसेपर्यंत जुनी सोबत चालू ठेवायला हवी होती, असं सांगितलं. ते म्हणाले, "कशामुळे फसलं?"

मी म्हणालो, "पोस्टाचा डबा लांब पडतो, साहेब."