चाळीस वर्षं न केलेली चौकशी

काकांवर लिहायला मी कोण, असं वाटतं, म्हणून आधीच माफी मागते. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. वडील मकरपुऱ्यात एका कारखान्यात लेथवर काम करतात, आई शहराच्या कारेलीबाग भागात काकांकडे पोळ्या करायची. तिच्यामुळे मी दर रविवारी त्यांच्याकडे इंग्रजी शिकायला जाऊ लागले. काका आता मुलीकडे पुण्याला गेलेत. त्यांच्याबद्दल मोठ्या माणसांनी लिहायला हवं, पण शेवटचा भाग फक्त मला माहीत आहे.

काकांकडे पाहुण्याला कधी ताजं बिस्किट मिळालं नाही. नवा पुडा आला की तो फळीवर मागे जायचा, जुना पुढे यायचा. "आधी आलेलं आधी जाईल," हा त्यांचा नियम. काकू चिडवायच्या, हवाई दल सुटलं, गोदाम काही सुटलं नाही.

काका हवाई दलाच्या लॉजिस्टिक्स शाखेतून एअर कमोडोर म्हणून निवृत्त झाले होते. बुटांपासून इंजिनापर्यंत लागेल ते वेळेवर पोचवणं हे त्यांचं काम. शेजारचे गुजराती गृहस्थ मुद्दाम विचारायचे, "तमे प्लेन उडाडता?" काका हसायचे. "ना भाई, हूं तो दुकानदार." मला ते आवडायचं नाही. एकदा धीर करून तसं बोलले, तर म्हणाले, "माझ्या सामानासाठी विमान खोळंबलं नाही, की माझा दिवस चांगला गेला. एकदाच खोळंबलं."

त्या एका वेळेची गोष्ट नंतर काकूंनी सांगितली. काका तेव्हा तरुण होते, लडाखच्या तळावर. वरच्या चौकीवर एका जवानाचा पाय थंडीने काळा पडला होता. त्याला आणणाऱ्या हेलिकॉप्टरचं एक रबरी सील बदलायचं होतं. भांडारात एकच होतं आणि त्याची मुदत दोन दिवसांपूर्वी संपली होती. अभियंत्यांनी खूप विनवलं, पण काकांनी सही केली नाही. नवं सील दुसऱ्या दिवशीच्या विमानाने आलं आणि त्याच विमानाने काका बदलीच्या जागी गेले. त्या जवानाचं काय झालं, हे त्यांनी कुणालाच विचारलं नाही. काकू म्हणायच्या, "अहो, एकदा पत्र टाका ना." काका उठून फळी लावायला जायचे.

मागच्या वर्षी काकू गेल्या. त्या काकांहून आठ वर्षांनी लहान. तेराव्यानंतर मी गेले, तर काका स्वयंपाकघरात डबे पुढेमागे करत होते. "आधी मी जायला हवं होतं गं," एवढंच म्हणाले. मग हात पुसले. "लॅपटॉप आणलायस? त्या जवानाच्या पलटणीच्या माजी सैनिक संघटनेला लिहूया."

टाइप करताना मी चाचरत विचारलं, सीलची मुदत संपली होती, मग तुमचं काय चुकलं?

"सही न करण्यात काही चुकलं नाही. आजही करणार नाही. पण विचारायला हवं होतं. मी भ्यालो."

पाच आठवडे काही उत्तर आलं नाही. काका फोन स्वयंपाकघरातसुद्धा बरोबर न्यायला लागले. एका रविवारी तो वाजला आणि काकांनी स्पीकर लावला. गढवालमधून एक म्हातारा आवाज हिंदीत बोलत होता. तो जवान स्वतःच होता. काकांनी उभं राहून आपलं नाव सांगितलं, सील आपणच अडवलं होतं हेही सांगितलं. पलीकडून तो शांतपणे म्हणाला, हेलिकॉप्टर दुसऱ्या दिवशी आलं होतं, तोवर डाव्या पायाची तीन बोटं गेली होती.

काकांनी खुर्चीची पाठ धरली. मग विचारलं, "चल लेते हो?"

"जी साब. अभी खेत से ही आ रहा हूँ."