भावोजींची खिडकी

आमच्या भावोजींना, म्हणजे माझ्या ताईच्या नवऱ्याला, गल्लीत सगळे 'भविष्यवाले' म्हणायचे. ज्योतिषी नव्हेत हो! पालिकेच्या नगररचना खात्यात मॉडेलं करायचे. पुढच्या वीस वर्षांत शहर कसं दिसणार, ते पुठ्ठ्यालाकडाचं करून सभागृहात मांडायचं, हे त्यांचं काम. नाकासमोर चालणारा माणूस म्हणून लोक त्यांचं फार कौतुक करायचे. कौतुक करणाऱ्यांचं काय जातंय? संसार ताईला करायचा होता.

एका आराखड्यात त्यांच्याच घरावरून रुंद रस्ता गेला. मॉडेलचा नियम असा, की जे पाडायचं ते दाखवायचंच नाही. भावोजींनी ताईला आणि मला मुद्दाम बघायला नेलं. ताई वाकून शोधत राहिली.

"आपलं घर कुठंय हो?"

"अगं, ते जाणार ना! हा बघ रस्ता. दोन्हीकडून झाडं."

स्वतःचं घर पुसून वर झाडं चिकटवली होती आणि चेहरा असा, की जणू मुलीचं लग्न जमलंय. ताई हसली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्यांचं स्वयंपाकघर मागच्या बाजूला, खिडकीच नाही. स्टोव्ह पेटला की धूर तिथेच कोंडायचा. ताईला आधी खोकला लागला, मग दम. डॉक्टर म्हणाले, "औषधं देतो, पण आधी त्या खोलीला खिडकी पाडा." गवंड्याचं दिवसभराचंसुद्धा काम नाही! पण रस्त्यात जाणाऱ्या घराला काही नवीन करायचं तर खात्याची परवानगी लागते, आणि ती मिळत नाही. शेजाऱ्यांनी गुपचूप खिडक्या पाडल्या, एकाने तर वर खोली चढवली. कोणी हटकलंही नाही. मी भावोजींना म्हटलं, "तुम्हीही पाडा. गवंडी मी पाठवते."

"खात्यातल्याच माणसाने नियम मोडायचा? आणि रस्ता येतोच आहे. नवीन घर मिळेल, त्याला चांगल्या दोन खिडक्या घेऊ."

"तोवर तिने श्वास घ्यायचा नाही का?"

ताईनेच मला गप्प केलं. "जाऊ दे गं, त्यांची नोकरी आहे."

मग दरवर्षी तेच. रस्ता येतोय. डोंबल येतोय! खडीचा एक दगड आला नाही. पुढे पुढे ताई उंबऱ्यात बसून भाजी चिरायची, आत जाऊन फोडणीला टाकायची आणि परत बाहेर येऊन धापा टाकायची. एका सकाळी ती स्टोव्हपाशी बसली ती उठलीच नाही.

वर्षही सरलं नव्हतं, तोच आराखडा बदलायला घेतला. नवे साहेब आले आणि त्यांनी रस्ता शहराबाहेरून वळवला. झालं! भावोजींनी मॉडेलवरची झाडं उपटून तिथे आपलं घर बसवलं आणि मला बोलावून घेतलं. आगपेटीएवढंही नव्हतं ते. पण मागच्या भिंतीला ब्लेडने कोरलेली इवलीशी खिडकी होती.

"तिच्यासाठी," ते म्हणाले.

खोटं कशाला बोलू, माझा इतक्या वर्षांचा राग तिथल्या तिथे निवळला. डोळे भरून आले.

तेवढ्यात साहेब आले. त्यांनी वाकून बघितलं. "बाकी कुठल्याच घराला खिडकी नाही, मग यालाच कशी? बुजवा ती."

"हो सर," म्हणाले भावोजी. आणि माझ्यादेखत त्यांनी लांबी भरून ती बुजवली, वरून बोट फिरवून गुळगुळीतसुद्धा केली.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "निदान घरची तरी पाडा आता. रस्ता तर गेला."

"पाडायचीय की," भावोजी म्हणाले. "नवा आराखडा मंजूर होऊ दे एकदा."