पंच्याण्णव डिग्रीचा अपमान

संगणकालाही ताप येतो, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. तेही बायकोकडून!

आमची सुरेखा घरी बसून चादरींची डिझाइनं करते. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका शेठनी तिला पहिल्यांदाच मोठं काम सांगितलं होतं. मोराची चादर! शनिवारी पाच वाजता शेठ स्वतः बघायला येणार, पसंत पडली तर वर्षभराची डिझाइनं तिचीच. आणि नेमका तेव्हाच आमचा संगणक पिठाच्या गिरणीसारखा घरघरायला लागला. मोराला दोन पिसं फुटली की बंद!

"अहो, प्रोसेसर तापतोय. फार तापला की आपोआप बंद पडतो. त्याला थंड ठेवणारा कूलर बदलायला पाहिजे," सुरेखा म्हणाली. "दुकानातला माणूस बोलावते."

"माणूस? मग मी कोण आहे?" मी उसळलो. (घरातल्या इस्त्रीचा प्लग मीच बसवलाय. तेव्हापासून आम्ही कपडे बाहेर इस्त्रीला देतो, ती गोष्ट वेगळी!)

शनिवारी सकाळीच नवी पेठ गाठली.

"काका, मोठ्या पंख्याचा कूलर घ्या की," दुकानदार म्हणाला. "हळू फिरतो, आवाज कमी. खालचा धातूचा ठोकळा मात्र प्रोसेसरला नीट टेकला पाहिजे. तोच उष्णता ओढून घेतो."

"आवाज अजिबात नको! दुपारी झोपतो मी," मी बजावलं आणि सगळ्यात मोठा उचलला. मला शिकवतोय!

घरी खोकं उघडलं. ठोकळ्याचा तळ आरशासारखा लखलखीत, त्यावर पातळ प्लास्टिक. आमची आई मूळची करमाळ्याकडची. ती लगेच ओरडली, "ते काडू नगंस रं! नवी वस्तू हाय की ती!"

मी कशाला काढतोय? आमच्या फ्रिजच्या दारावर प्लास्टिक आहे, रिमोटवर आहे, सोफ्यावर आहे. उन्हाळ्यात सोफ्यावरून उठताना पाठीची सालटं निघतात, पण सोफा बघा, कसा नवाकोरा! प्लास्टिकवरच खोक्यातली उष्णता वाहून नेणारी पेस्ट थापली, स्क्रू आवळले. आईनं हळदकुंकू वाहिलं.

आवाज खरंच गेला. पण पडद्यावर तापमानाचा आकडा चढायला लागला. सत्तर, ऐंशी, पंच्याण्णव आणि बंद! बाहेर सोलापूरचं ऊन, आत हा निखारा!

"चार वाजले हो! मोराची मान राहिलीय अजून!" सुरेखाला रडूच फुटलं. ते बघून माझं डोकं फिरलं. दुकानदाराला फोन लावला, स्पीकरवर. म्हटलं, गल्लीलाही कळू दे!

"फसवलंत आम्हाला! माझ्या बायकोचं वर्षाचं काम जातंय!"

"काका, तळाचं प्लास्टिक काढलं का?"

"काढू? नव्या वस्तूचं?" मी गरजलो. "आम्ही वस्तू जपणारी माणसं आहोत!"

सुरेखानं डोळे पुसले, माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर हिसकावला, ठोकळा उपसला, प्लास्टिक टर्रकन ओढलं आणि नवी पेस्ट लावून कूलर परत बसवला. आकडा पन्नासच्या पुढे जाईना. (आई मात्र हळहळत होती, "चांगली वस्तू जुनी केली गं बाई!")

पाचला शेठ आले, तेव्हा मोर मानेसकट तयार होता. शेठ खुर्ची ओढून बघत बसले. "लई झ्याक जमलाय की," म्हणाले. सुरेखाचा चेहरा असा खुलला म्हणता! पण घरचा कर्ता पुरुष म्हणून मलाही काही बोलायला नको? मी पुढे झालो, चष्मा सावरला, पारखी माणसासारखा उजवा डोळा मिटला आणि पडद्याकडे पाहिलं.

"छे! रंग पुसट आलाय!" मी जाहीर केलं. "सगळा मोर धुरकट! असं काम देतात होय?"

शेठ चपापले. पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. सुरेखा शांतपणे उठली, माझा चष्मा काढला, डाव्या काचेवर नख घातलं आणि अख्खं पारदर्शक प्लास्टिक सोलून शेठच्या पुढ्यात ठेवलं.

काम सुरेखालाच मिळालं. आणि मी मुकाट्यानं आत जाऊन डोळ्यांच्या डॉक्टरांना 'येत नाही' म्हणून फोन केला. सोमवारी माझ्या डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं!