सातवा वार

लांज्याहून निघालो तो मनाशी एकच ठरवून: वार मिळाला तर माझा मुलगा विठू शिकायला रत्नागिरीस राहील, नाहीतर संध्याकाळच्या मोटारीने माझ्याबरोबर घरी येईल.

वार (परगावच्या विद्यार्थ्याने आठवड्याचा एकेक दिवस एकेका घरी जेवायला जाणे) सहा लागले होते. शुक्रवार मोकळा. त्या दिवशी पोर खोलीवर स्वतः शिजवी आणि बहुधा उपाशीच राही. खाणावळ आम्हांला झेपणारी नाही. मागच्या शुक्रवारी त्याला वर्गात घेरी आली, तेव्हा मास्तरांनी निरोप धाडला, "सोय करा, नाहीतर घेऊन जा."

हातखंब्याला मोटारीचे पाणी उकळले. उतारूंनी विहिरीवरून कळशीने आणून तिला पाजले. "बैल बरे हो, पाण्यावर आपल्या पायांनी जातात," शेजारचा म्हातारा म्हणाला. ड्रायव्हरने ऐकले न ऐकलेसे केले.

हायस्कुलात पोहोचलो तेव्हा मधली सुट्टी होती. काळ्या टोप्या, गोंड्याच्या टोप्या, उघड्या शेंड्या, सगळे एकाच चेंडूमागे धावत होते आणि एकाच भाषेत भांडत होते. पाणी प्यायला मात्र प्रत्येकजण आपापल्या भांड्याकडे गेला.

शाळा सुटल्यावर विठूला घेऊन तीन घरी विचारले. एकाकडे आधीच दोन विद्यार्थी, दुसऱ्याकडे नव्या बाळाचे सोयर. तिसऱ्याने चहा दिला, वार दिला नाही. तेवढ्यात विठूच्या वर्गातला हसन मागून धावत आला आणि आम्हांला राजिवड्याला आपल्या घरी घेऊन गेला. त्याचा बाप बोटीवर खलाशी.

हसनची आई दाराआडून म्हणाली, "शुक्रवार आमच्याकडे, भाऊ."

मी घुटमळलो. "कोरडा शिधा द्या. तो शिजवून घेईल."

"शिधा देते की. पण शिजवील कोण? ह्याचा भात कावळ्यानंही टाकला, म्हणतो आमचा हसन."

"खाल्लान होता कावळ्यानं," विठू पुटपुटला.

"मग पुन्हा दिसला का रे तो कावळा?" हसन म्हणाला.

मला हसू आवरेना. हसनने ओटीवर ताट आणून ठेवले: भात आणि बांगड्याचे कालवण. विठू ताटाकडे पाहतच नव्हता. माझ्याकडे पाहत होता.

"बस," मी म्हणालो.

दुसरे ताट आले तेव्हा मीही बसलो. कालवणात तिरफळे होती, आमच्या घरी असतात तशीच. मीठ जरा कमी.

परतीच्या मोटारीत माझ्या शेजारची जागा रिकामी होती. रिकाम्या जागेकडे इतक्या समाधानाने मी कधी पाहिले नव्हते.

घरी बायकोने विचारले, "सातवा वार कुणाकडे?" मी सांगितले. बराच वेळ ती चूल सारखी करीत राहिली. मग म्हणाली, "जेवायला काय होतं?"

"बांगडा."

"पोटभर जेवला?"

"दोनदा भात घेतलान."

पुढच्या खेपेस तिने वारांच्या घरी द्यायला आमसुलांच्या पुड्या बांधल्या. मी मोजल्या, सहा भरल्या. काही बोलणार, तोच तिने आतून सातवी आणून माझ्या हातावर ठेवली. सगळ्यांत जड तीच होती.