निळ्या बरणीतला हिरवा चुडा

माझा उजवा हात एकदा सांगलीच्या एका प्रदर्शनात पाऊण तास मांडलेला होता. हाताच्या मागे मीही होते. परंतु कार्डावर माझी नोंद नव्हती.

ही साठीच्या दशकातली गोष्ट. लग्नाला जेमतेम महिना झाला होता. साताऱ्याहून कऱ्हाडच्या सासरी मी आले ती पातळांच्या घड्यांत कवितांची वही लपवून. (मला स्वयंपाक येत नाही, हे वहीच्याही आधी उघडकीस आले!) सांगलीत जुन्या रंगीत काचसामानाच्या हौशी संग्राहकांनी प्रदर्शन भरवल्याचे कळले, तेव्हा यजमान हळूच म्हणाले, "जाऊन येऊ या का, दोघंच?"

भिंतीपलीकडून सासूबाईंचा, म्हणजे आत्याबाईंचा, आवाज आला, "तिघं! सांगली काय परकी हाय? काल-परवापतूर आपलाच जिल्हा व्हता की!"

एस.टी.त बसताना त्यांनी मला एकच ताकीद दिली. "लग्नाचा चुडा हाय, पोरी. एक जरी कांकण वाढलं तर माझ्या जिवाला घोर लागंल."

सौभाग्याचे कांकण फुटत नाही, ते 'वाढते', हा नियम सगळेच पाळतात. शिराळ्याकडच्या आमच्या आत्याबाई तो पाळत नसत, राबवीत असत! शेजारीण चुकून "बांगडी फुटली" म्हणाली, तर तिला आमच्याच मोरीत चूळ भरायला लावीत.

प्रदर्शन एका शाळेच्या सभागृहात होते. खिडक्यांतून सकाळचे ऊन थेट टेबलांवर येत होते, आणि मी उंबऱ्यातच थबकले. डाळिंबी गुलाबदाण्या, पोपटी अत्तरदाण्या, मधाच्या रंगाचे सरबताचे पेले! ऊन काचेत शिरे ते पांढरे आणि पलीकडे उतरे ते रंगून. माझ्या मोतिया पातळावर एक जांभळा कवडसा येऊन बसला. मी डोळे मिटून तो मनात साठवला.

"डाग पडला का गं?" यजमान म्हणाले. "एस.टी.त काही सांडलं असेल."

आत्याबाईंनी पेल्यांची रांग वरपासून खालपर्यंत न्याहाळली. "ह्यात पानी पीत न्हाईत?"

"नाही, आत्याबाई. नुसते पाहायचे."

"मग घासायचं तरी कशापायी?"

त्या पुढे गेल्या आणि मी त्या बरणीपाशी पोहोचले. मुरंब्याची, निमुळत्या गळ्याची, निळी बरणी. त्या निळ्यासाठी मला तीन उपमा सुचल्या. (तिन्ही वाईट होत्या.) शेजारी स्टुलावर सत्तरीचे एक गृहस्थ बसले होते, सगळे त्यांना नाना म्हणत. बरणीला टेकवून कार्ड ठेवले होते : 'हात लावू नये.' मी लावला नाही. मी नाक नेले. आतून वेलदोड्याचा वास आला, अगदी पुसट, कोणी दुसऱ्या खोलीतून हाक मारावी तसा. रंगाला गंध असतो, असे मी कवितेत दोनदा लिहिले होते; भेटला मात्र प्रथमच! मग तळाचा तो निळा गारवा बोटांना कसा लागत असेल, हे पाहिल्यावाचून राहवेना. नाना कुणाशी तरी बोलत होते. मी हात आत सोडला. किण, किण, किण करीत हिरव्या बांगड्या एकेक करून आत उतरल्या. बाराच्या बारा.

गारवा अप्रतिम होता. मी हात वर ओढला. बांगड्या आडव्या झाल्या आणि गळ्यात गच्च बसल्या.

"अहो," मी हळूच म्हटले.

"काय?"

"हात."

"काय हाताचं?"

"येत नाही."

यजमानांनी बरणीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि शेजारच्या टेबलावरच्या पेल्यांचा सखोल अभ्यास सुरू केला.

नाना स्टुलावरून उडालेच. "अहो बाई! हात लावू नये, असं लिहिलंय न्हवं?"

"लावला नाही हो! घातला आहे!" (व्याकरणदृष्ट्या मी निर्दोष होते.)

बघता बघता गर्दी जमली. गुलाबदाण्या एकट्या पडल्या.

"पिळू नका, आनखी घट्ट बसंल!"

"खोबरेल आना, खोबरेल!"

एका फेटेवाल्याने वाकून कार्ड वाचले आणि गंभीरपणे विचारले, "आवं, ह्यो हात कंच्या काळातला?"

मागून कोणीतरी ओरडले, "बांगड्या फोडा की! सुटला प्रश्न!"

आत्याबाई गर्दी कापीत आल्या. "काय बोलतूस, मुडद्या! नवा चुडा हाय तिचा! नवरा शेजारी उभा हाय!" (नवरा तोवर तिसऱ्या टेबलापर्यंत पोहोचला होता.)

"मग काय, माझी बरणी वाढवायची?" नाना कळवळून म्हणाले.

"बरनी वाढत न्हाई. फुटती!"

गर्दी हसली. नाना हसले नाहीत. बरणीवर तळवा ठेवून ते म्हणाले, "आमच्या हिची आहे. सहा वर्षं झाली तिला जाऊन. शेवटचा मुरंबा संपला, पण बरणी धुतली न्हाई मी. वास जाईल."

तो वेलदोडा माझ्या बोटांना एकदम चटका देऊन गेला. कुणाच्या देवघरात चपला घालून शिरावे तसा माझा हात आत लोंबत होता. मी खाली मान घालून पुटपुटले, "आत्याबाई, माझ्या बांगड्याच वाढवा."

आत्याबाईंनी बरणीतल्या चुड्याकडे पाहिले. बोलले ते नाना. "नको. मुरंब्याच्या बरणीपायी नव्या सुनेचा चुडा गेला, हे हिला कळलं असतं तर मला घरात घेतलं नसतं. बरणीच वाढवा."

'फोडा' म्हणाले नाहीत. 'वाढवा' म्हणाले. आत्याबाईंनी पदर सावरला. त्यांचा आवाज अगदी मऊ झाला.

"आवं नाना, म्हंजी त्या अहेव गेल्या की. मग ती बरनी बी सवाशिनीचीच. ती न्हाई वाढवायची." आणि मग सभागृह दणाणून त्या ओरडल्या, "कासाराला बोलवा! भरनाऱ्यालाच काढाय येतंय!"

कोपऱ्यावरचे कासारमामा बांगड्यांच्या पेटीसकट आले. त्यांनी बरणीभोवती एक फेरी मारली. "बाई, वडू नका. हात उचला."

"कुठे?"

"आभाळाकडं!"

नानांनी बरणी दोन्ही हातांनी तोलून धरली आणि मी हात वर केला. सभागृहाच्या मधोमध, हातावर पालथी निळी बरणी घेऊन मी उभी! बारशाला आल्यासारख्या बायका कौतुकाने पाहत होत्या. मामांनी बरणी हळूच हलवली. किण. एक बांगडी घसरून कोपराकडे आली. किण. दुसरी. बारावी उतरली तेव्हा त्यांनी गळ्यातून दोन बोटे घालून माझा अंगठा तळहातात दुमडला, आणि हात सुटला.

आत्याबाईंनी आधी चुडा चाचपला. नानांनी आधी बरणीला नाक लावले, डोळे मिटले. "आहे," ते म्हणाले. "आहे अजून."

यजमान परत आले. "निघाला का? मला वाटलंच होतं."

पुढच्या वर्षी नानांचे आग्रहाचे निमंत्रण आले. आम्ही गेलो, आत्याबाईंनी माझा हात एस.टी.तून उतरल्यापासूनच धरून ठेवला होता. या खेपेस प्रत्येक टेबलावर नवे कार्ड होते : 'हात लावू नये. घालूही नये.' लोक थांबत, मोठ्याने वाचत आणि मनमुराद हसत.

त्यानंतर मी तीन वह्या भरून कविता लिहिल्या. पण सांगलीकरांनी थांबून, मोठ्याने वाचलेली माझी ओळ आजवर तेवढीच!