उंटाच्या घरातला वजीर

बुद्धिबळ मला उत्तम येतं, असं चाळिशीपर्यंत माझं प्रामाणिक मत होतं.

पुण्याहून फरीदाबादला एका नव्या परदेशी कंपनीत आलो, तेव्हा सई पाच वर्षांची होती. माझ्या आजोबांनी मला शिकवलं, तसंच मी तिला पट मांडून शिकवलं. पुढे ती शाळेतल्या सरांकडे खेळायला लागली आणि मी ऑफिसात बुडालो. तिचा खेळ पाहायला गेलो तो एकदम मुलांच्या स्पर्धेतल्या शेवटच्या डावाला. हा डाव जिंकली तर हरियाणाच्या संघात! समोरचा मुलगा पानिपतचा. (मराठी माणसाच्या पोटात गोळा यायला एवढं पुरे!)

पहिल्याच खेळीला त्याचं प्यादं दोन घरं पुढे! मी दोरीबाहेरून ओरडलो, "अरे, एकच घर!" पंचांनी वळून डोळे वटारले. तेवढ्यात सईनेही शांतपणे प्यादं दोन घरं सरकवलं. माझी मुलगी! तीही लबाडी करायला लागली?

मग त्या मुलाने राजा दोन घरं सरकवला, वर हत्ती उचलून त्याच्या पलीकडे ठेवला. एका खेळीत दोन मोहरे!

"भाईसाहब, ये क्या चल रहा है?" मी शेजारच्या गृहस्थांना विचारलं. ते नेमके त्या मुलाचे वडील निघाले.

"शतरंज," ते म्हणाले.

अखेर सईचं प्यादं समोरच्या उंटाच्या घरात पोचलं. आजोबांच्या जुन्या देशी नियमाने अशा प्याद्याचा उंटच होतो. पण कार्टीचा हात पटाबाहेरच्या वजिराकडे निघाला! पंचांनी बाद केली तर? मला राहवेना.

"सई, उंट! उंट घे!"

"चाल बता रहे हैं!" शेजारचे गृहस्थ उसळले. पंचांनी घड्याळ थांबवलं. बाहेरून मदत झाली तर डाव गेला, असा नियम. सईच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाबा, प्लीज यार!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"क्या बोला आपने?" पंचांनी विचारलं.

"ऊंट लेने को बोला," मी पुटपुटलो.

पंचांनी पट पाहिला, मग बराच वेळ मला पाहिलं. "वज़ीर मिल रहा है, और आप ऊंट दिलवा रहे हैं?" मग ते गृहस्थांना म्हणाले, "इसे मदद नहीं कह सकते, जी. चलो, खेल चालू!"

सईने वजीर घेतला आणि मात केली.

घरी बायकोने कौतुकाने विचारलं, "तुमची काही मदत झाली का हो तिला?"

"मुळीच नाही!" मी ताठ मानेने सांगितलं. "पंचांनीच तसा निकाल दिलाय!"