रिंगणीची धुरी

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस लग्न होऊन मी कासुर्डीला आले, तेव्हा सासऱ्यांची एक दाढ कायम ठणकत असायची. सासू बांधावरून रिंगणी आणायची. काट्याकुट्यांचं झुडूप, त्याला सुपारीएवढी पिवळी फळं. त्याच रिंगणीचा काढा पाजून तिनं माझा खोकला घालवला होता, त्यामुळे औषधाबद्दल माझी तक्रार नव्हती.

धुरीची मात्र मला किळस होती. पाण्यानं भरलेल्या परातीत वीट, विटेवर लालभडक तापलेला लोखंडाचा तुकडा, त्यावर तुपात कालवलेल्या रिंगणीच्या बिया. वर नरसाळं पालथं घालून सासरे त्याचं टोक दाढेला लावायचे आणि डोक्यावरून घोंगडं ओढून घ्यायचे. करपलेल्या तुपाचा वास घरभर भरायचा. घोंगडं काढलं की पाण्यावर लाळेच्या तारा आणि त्यांत वळलेले, बारीक पांढरे किडे. दाढंतलं किडं पडलं म्हणून ते शेजाऱ्यांना बोलावून दाखवायचे. मग ती परात मी घासायची. त्या दिवशी मला भात जात नसे.

एकदा ते यवतच्या बाजाराला गेले होते. मी सासूसमोरच बिया तशाच जाळल्या, नुसत्याच, नरसाळ्याला कुणाचं तोंड नव्हतं. बिया तडतडल्या आणि पाण्यात तेच किडे पडले. बोटावर घेऊन पाहिलं, तर तो बियांच्या आतला कोंब.

संध्याकाळी सासऱ्यांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "मग दुखायचं थांबतं कसं?"

धुरानं घटकाभर दाढ बधिर व्हायची, हे खरंच होतं. 

पुढं त्यांचा गाल सुजला, तोंड उघडेना. जवळ बसलं तरी घाण वास यायचा. नवऱ्यानं आणि मी त्यांना दौंडला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. हिरडीवर भाजल्याचे पांढरे चट्टे होते. दाढ निघाली, तिच्यामागून पू आला. भांडं माझ्याच हातात होतं. बाई म्हणाल्या, "मामा, दाढेत किडे नसतात. दुखणं दबत होतं आणि आत पू साठत होता. तुम्ही आणखी थांबला असतात तर तो पू गळ्यात उतरला असता."

ते बरे झाले, भाकरी चावू लागले. एका दुपारी जेवताना शेजारच्या आप्पांना सांगत होते, डॉक्टरणीनं राहिलेलं किडं काढलं म्हणून. आप्पांनी त्यांच्या बायकोच्या दाढेसाठी बिया मागितल्या.

सासू म्हणाली, "न्हाईत. चुलीत घातल्या. वहिनींना दौंडला न्या."

आमटीच्या तवंगात मला त्या परातीतलं पाणी दिसलं. मी भांडं खाली ठेवलं आणि गोठ्यामागं जाऊन ओकले.